नॅशव्हिलला कधी यावं, आणि ९,००० डॉलर कुठे घालवू नयेत

तुझा प्रश्न दोनदा वाचला आणि सोबतची तिन्ही गाणी हेडफोन लावून ऐकली. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. विचारणारी मुलगी २५ वर्षांची आहे, ह्यूस्टनजवळ वाढली, अमेरिकन नागरिक आहे आणि रुग्णालयात नर्स आहे. घरी आईकडून भावगीतं शिकली, शाळेत असताना कंट्री संगीताचं वेड लागलं, आता गिटारवर स्वतःची गाणी रचते आणि गाते. तिनं तीन गोष्टी विचारल्या आहेत. नोकरी सोडून नॅशव्हिलला यावं का? एक कंपनी ९,००० डॉलरमध्ये तीन गाणी रेकॉर्ड करून 'रेडिओवर लावून देऊ' म्हणते, ते पैसे द्यावेत का? आणि कुणीतरी सुचवलंय तसं मराठी आडनाव टाकून अमेरिकन वाटेल असं नाव घ्यावं का? शेवटी एक ओळ आहे : "ताई, ओळख मिळायला किती वर्षं लागतात?"

मी मूळची मिरजेची. गेली २२ वर्षं नॅशव्हिलच्या बेरी हिल भागात छोटा डेमो स्टुडिओ चालवते. गीतकार आपलं नवं गाणं प्रकाशकाला (म्हणजे गीतकाराशी करार करून त्याची गाणी गायकांपर्यंत नेणाऱ्याला) किंवा एखाद्या गायकाला ऐकवण्यासाठी जे साधं पण नीटनेटकं रेकॉर्डिंग करतात, ते म्हणजे डेमो. मी स्वतः गात नाही. काचेच्या अलीकडे बसते. पण काचेच्या पलीकडे उभी राहून पहिलंवहिलं गाणं म्हणणारी शेकडो मुलं-मुली मी पाहिली आहेत. त्यातली काही आज मोठ्या मंचावर आहेत, बरीचशी नाहीत, आणि या दोघांमधला फरक फार क्वचित आवाजाचा होता. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ओळख कोणाकडून हवी आहे, हे आधी ठरव. ते ठरलं की 'किती वर्षं' याचं अर्धं उत्तर मिळतं. तुझ्या पत्रात ओळख म्हणजे श्रोते, रेडिओ, फॉलोअर. या गावात ती त्या बाजूनं सुरू होत नाही. इथे आधी तुझ्याच वयाचे, तुझ्याइतकेच कफल्लक गीतकार तुला ओळखू लागतात. सकाळी अकराला एखाद्या खोलीत दोघं-तिघं गिटार घेऊन बसतात, दुपारपर्यंत एक गाणं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यातला एक जण तिसऱ्याला सांगतो की त्या नव्या मुलीबरोबर बसून बघ, ती ओळ लवकर पकडते. सोळाव्या आणि सतराव्या ॲव्हेन्यूवरच्या म्युझिक रो नावाच्या वस्तीत निम्मा व्यवहार या तोंडी शिफारशीवर चालत आला आहे. प्रकाशक येतो तो या शिफारशी कानावर आल्यावर, रेकॉर्ड कंपनी त्याच्यानंतर, आणि श्रोता सगळ्यात शेवटी. श्रोत्याला मात्र वाटतं की हे माणूस काल उगवलं.

कंट्री गायक क्रिस स्टेपलटनचं उदाहरण घे. २००१ मध्ये तो गीतकार व्हायला नॅशव्हिलला आला आणि काही दिवसांतच त्याला प्रकाशकाचा करार मिळाला. पुढची चौदा वर्षं देशाला तो ठाऊक नव्हता, गावाला मात्र पूर्ण ठाऊक होता. जॉश टर्नर, केनी चेस्नी, ल्यूक ब्रायन यांनी त्याची गाणी पहिल्या क्रमांकावर नेली. तो स्वतः स्टीलड्रायव्हर्स या ब्लूग्रास (जुन्या वळणाच्या, तंतुवाद्यांवरच्या कंट्री संगीताच्या) बँडमध्ये गायला. २०१३ मध्ये त्याच्या नावावर आलेलं पहिलं गाणं फारसं चाललं नाही. मे २०१५ मध्ये पहिला अल्बम आला, नोव्हेंबरमध्ये सीएमए, म्हणजे कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कारांच्या मंचावर तो जस्टिन टिंबरलेकबरोबर गायला, त्या रात्री तीन पुरस्कार घेऊन गेला आणि त्यानंतर अल्बम देशात पहिल्या क्रमांकावर पोहोचला. नव्या कलाकाराचा पुरस्कारही त्या तिघांत होता. तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात 'चौदा वर्षं' असंही आहे आणि 'काही दिवस' असंही.

कंट्री गायक गार्थ ब्रूक्सची गोष्ट तुझ्या निर्णयाला जास्त जवळची आहे. १९८५ मध्ये तो ओक्लाहोमाहून आला आणि चोवीस तासांच्या आत परत गेला. घरी सगळे त्याला ओळखत होते, इथे कुणीच नाही, हे त्याला झेपलं नाही. १९८७ मध्ये पुन्हा आला, बुटांच्या दुकानात नोकरी धरली आणि रात्री गाणी लिहू लागला. रेकॉर्ड कंपन्यांनी नकार दिले, त्यातल्या कॅपिटॉलनंही. मग १९८८ मध्ये ब्लूबर्ड कॅफेत एका रात्री कुणाच्या तरी जागी त्याला लवकर गायला मिळालं, कॅपिटॉलचा एक अधिकारी तिथे बसलेला होता, आणि करार झाला. लोक यातलं नशीब सांगतात. मला त्यातलं बुटांचं दुकान महत्त्वाचं वाटतं. ते दुकान नसतं तर १९८८ साल उजाडेपर्यंत तो गावात टिकलाच नसता.

ब्लूबर्डबद्दल दोन शब्द, कारण तू तिथे यायचं स्वप्न लिहिलं आहेस. ग्रीन हिल्समधल्या एका साध्या दुकानांच्या रांगेत ते आहे. १९८२ पासून चालू आहे आणि जेमतेम ९० माणसं मावतात. चार गीतकार खोलीच्या मध्यभागी गोल करून बसतात, आळीपाळीनं आपलं गाणं म्हणतात, बाकीचे तिघं हळूच साथ करतात. कुणी मध्ये बोललं तर गप्प बसवतात. आपल्याकडच्या घरगुती बैठकीत बसलेल्या माणसाला हे लगेच कळेल. गायकाला दाद हवी असते तशी तिथे गीतकाराला शांतता मिळते. सोमवारी ओपन माइक असतं आणि कुणालाही एखाद-दुसरं गाणं म्हणता येतं. त्यापुढे जायचं तर ऑडिशन द्यावी लागते. टेलर स्विफ्टला तिच्या पहिल्या कंपनीच्या संस्थापकानं २००४ मध्ये इथेच ऐकलं. त्याच्या आधीचं मात्र कुणी सांगत नाही. अकराव्या वर्षी ती आईबरोबर म्युझिक रोवर दुसऱ्यांची गाणी म्हटलेल्या सीडी वाटत फिरली होती आणि रिकाम्या हातानं परतली होती. गोड गळ्याच्या मुली या गावात पुष्कळ आहेत, हे तिला तेव्हा कळलं. घरी जाऊन ती बारा तारांची गिटार आणि गाणं लिहिणं शिकली.

नॅशव्हिलच्याच लोअर ब्रॉडवे या रस्त्याची दुनिया वेगळी. टूट्सीज, रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड अशा हॉन्की-टाँकमध्ये, म्हणजे कंट्री गाण्यांच्या बारमध्ये, सकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत बँड वाजत असतात, एकेकाची पाळी साधारण चार तासांची. ठरलेली बिदागी थोडी, मुख्य कमाई टिपांच्या बरणीतून. पर्यटक मागतील ती जुनी गाणी म्हणायची. आवाज कमवायला, प्रेक्षक सांभाळायला आणि दीडशे गाणी पाठ करायला याच्यासारखी शाळा नाही. पण फक्त तिथेच राहिलीस तर लोक तुझ्या तोंडून दुसऱ्याची गाणी ओळखतील. मी अशी माणसं पाहिली आहेत की दहा वर्षं रोज गातात आणि त्यांचं स्वतःचं एकही गाणं कुणाला माहीत नाही.

आता ते ९,००० डॉलर. माझं स्पष्ट मत : देऊ नकोस.

तू कंट्री गायिका लोरेटा लिनचा दाखला दिला आहेस, की तिनं स्वतः रेडिओवाल्यांची दारं ठोठावली, मग आपण का नाही. तिची गोष्ट मला फार प्रिय आहे, म्हणून नीट सांगते. केंटकीच्या कोळसाखाणीच्या भागातली मुलगी, पंधराव्या वर्षी लग्न, मग वॉशिंग्टन राज्यात मुलांचा संसार. नवऱ्यानं १७ डॉलरची गिटार आणून दिली. १९६० मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या झीरो रेकॉर्ड्स या लहानशा कंपनीनं तिचं स्वतः लिहिलेलं गाणं काढलं. नवरा-बायकोनं ती रेकॉर्ड रेडिओ स्टेशनांना पोस्टानं पाठवली, मग गाडीत बसून गावोगावच्या स्टेशनांत जाऊन भेटले. गाणं बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि त्याच ऑक्टोबरमध्ये ती ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या नामांकित रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर उभी राहिली.

हे घडू शकलं कारण त्या काळी स्टेशनात बसलेला माणूस स्वतः ठरवत असे की पुढची तबकडी कुठली. बाई दारात आली, तिचं बोलणं आवडलं, गाणं आवडलं, लावलं. १९९६ च्या दूरसंचार कायद्यानं एका मालकाकडे देशभरात किती रेडिओ स्टेशनं असावीत यावरची मर्यादा काढून टाकली. त्याआधी ती चाळीस होती. त्यानंतर काही समूहांकडे शेकडो स्टेशनं गेली आणि यादी बऱ्याच प्रमाणात वरून ठरू लागली. आज एखादं गाणं देशव्यापी कंट्री रेडिओवर चढवायला रेकॉर्ड कंपनीची पूर्ण तुकडी कित्येक महिने राबते, आणि त्याचा खर्च ९,००० च्या कितीतरी पट असतो. मग तुला 'रेडिओवर लावून देऊ' म्हणणारी माणसं काय देतात? बहुतेक वेळा कुठल्यातरी इंटरनेट स्टेशनवर किंवा फारसं कुणी न ऐकणाऱ्या वेळेला ते वाजतं आणि तुला एक छापील अहवाल मिळतो. पैसे घेऊन गाणं लावायचं आणि श्रोत्यांपासून ते लपवायचं, हे तर अमेरिकेत १९६० पासून बेकायदेशीर आहे. तेव्हा त्यांना एकच प्रश्न लेखी विचार : कुठलं स्टेशन, किती वाजता, किती आठवडे? उत्तर काय येतं ते पाहा.

या बाबतीत मी एकदा चुकले आहे. सुरुवातीच्या काळात अशाच एका कंपनीसाठी मी रेकॉर्डिंगची कामं घेत असे. अलाबामाहून एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. वडिलांनी ट्रॅक्टर विकून पैसे आणले होते, हे मला शेवटच्या दिवशी जेवताना कळलं. रेकॉर्डिंग उत्तम झालं. वादक कसलेले होते, त्यात काही खोट नव्हती. पुढे काहीच झालं नाही, कारण त्या मुलाला या गावात एकही माणूस ओळखत नव्हता आणि गाणी त्याची नव्हती. त्या कंपनीनं आपल्या साठ्यातली उरलेली तीन त्याला दिली होती. मी नंतर ती कामं घेणं बंद केलं. पण मला त्या दिवशी बोलायला हवं होतं, म्हणून आज तुझ्याशी बोलते आहे.

पैसे खर्चच करायचे असतील तर असे कर. माझ्यासारख्या स्टुडिओत पूर्ण वाद्यवृंदासह एका गाण्याचा डेमो साधारण आठशे ते हजार डॉलरमध्ये होतो, आणि तोही तुला आत्ता नको आहे. फोनवर स्वच्छ रेकॉर्ड केलेला आवाज आणि गिटार पुरेशी आहे. गीतकारांची एनएसएआय नावाची संस्था १९६७ पासून आहे. तिचं सभासदत्व घेतलंस की घरबसल्या गाणं पाठवून अनुभवी गीतकाराचा अभिप्राय मिळतो. उरलेले पैसे इथे राहण्याच्या भाड्यासाठी ठेव.

नोकरीबद्दल मात्र उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. डोक्यावर कर्ज किती, आईवडील तुझ्यावर अवलंबून आहेत का, रात्रपाळीनंतर गळा कसा राहतो, हे मला ठाऊक नाही. पण तुझा व्यवसाय तुझ्या बाजूनं आहे. टेक्सास आणि टेनेसी ही दोन्ही राज्यं नर्सिंग परवान्याच्या परस्पर करारात आहेत, त्यामुळे इकडे येताना परवान्यासाठी अडकून पडावं लागत नाही. कायमचं राहायला आलीस की ठरलेल्या मुदतीत टेनेसीचा परवाना घ्यायचा. नॅशव्हिल हे गाण्याइतकंच रुग्णालयांचं गाव आहे. आठवड्यात बारा-बारा तासांच्या तीन पाळ्या केल्यास तर चार दिवस गाण्याला मोकळे मिळतात. इथले बहुतेक नवे गीतकार हॉटेलात वाढपी असतात आणि त्यांना आरोग्यविमा मिळत नाही. तेव्हा नोकरी सोडून येऊ नकोस, नोकरीसकट ये.

आणि लगेच येऊ नकोस. तू टेक्सासमध्ये आहेस, तिथे स्वतंत्र कंट्री संगीताचं जग आहे. कंट्री गायक जॉर्ज स्ट्रेट सॅन मार्कोसच्या चीथम स्ट्रीट वेअरहाउसमध्ये आणि १८७८ मध्ये बांधलेल्या ग्रीन हॉलच्या नाचघरात गाऊन तयार झाला. नॅशव्हिलनं त्याला सुरुवातीला नाकारलं, १९८१ मध्ये एमसीए या रेकॉर्ड कंपनीनं पहिलं गाणं काढलं, तोवर टेक्सासमध्ये त्याचा प्रेक्षक तयार होता. तुझ्याच ह्यूस्टनमध्ये अँडरसन फेअर आहे, तिथे टाउन्स व्हॅन झँट, नॅन्सी ग्रिफिथ, लाइल लव्हेट असे गायक-गीतकार गायले. एक वर्ष तिथे घाल. महिन्यातून दोनदा अनोळखी माणसांसमोर फक्त स्वतःची गाणी म्हण. दर तीन-चार महिन्यांनी आठवडाभर नॅशव्हिलला ये, सोमवारी ओपन माइक कर, दोन नव्या माणसांबरोबर गाणं लिही, परत जा. पाचव्या फेरीला तुला फोन करून 'कधी येते आहेस' असं विचारणारं कुणी असेल, तर सामान बांध. नसेल, तर अजून एक वर्ष जाऊ दे.

(भारतातून शिकायला किंवा एच-१बी वर आलेल्यांनी हे वाचून बरणी मांडू नये. टिपा हीसुद्धा कमाईच आहे आणि त्या व्हिसांवर ती चालत नाही. त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्या.)

आडनाव. यावर मी दोन दिवस विचार केला, कारण मी स्वतः गोरी नाही आणि या खोल्यांमध्ये एकटीच तपकिरी असण्याचा अर्थ मला कळतो. इथे कंट्री गायक चार्ली प्राइडची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मिसिसिपीतल्या स्लेजमध्ये शेतमजुराच्या घरी जन्मलेला काळा मुलगा, बेसबॉल खेळाडू, मोंटानाच्या ईस्ट हेलेनामध्ये धातूच्या भट्टीवर कामाला. खेळ, नोकरी आणि रात्री गाणं, असं त्यानं कित्येक वर्षं केलं. निर्माता चेट ॲटकिन्सनं त्याला आरसीए या रेकॉर्ड कंपनीत घेतलं, आणि १९६६ मध्ये त्याच्या पहिल्या रेकॉर्डी रेडिओला पाठवताना कंपनीनं फोटो पाठवलाच नाही. त्या वर्षी डेट्रॉइटच्या एका मोठ्या कार्यक्रमात नाव पुकारल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला, तो मंचावर आला आणि टाळ्या विरत विरत थांबल्या. त्यानं आपल्या रंगावर स्वतःच एक हलकीशी थट्टा केली आणि गायला लागला. गाणी संपल्यावर लोक सह्या घ्यायला रांगेत उभे होते. १९७१ मध्ये तो सीएमएचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' झाला.

यातून माझा निष्कर्ष हा : फोटो लपवण्याची युक्ती तेव्हा कंपनीची होती. तो स्वतः मंचावर जाऊन तोच माणूस म्हणून उभा राहिला. आज तर गाण्याआधी चेहरा दिसतो. नाव बदलून तू फार तर तीन सेकंद मिळवशील, आणि नंतर दर मुलाखतीत त्याचंच स्पष्टीकरण देत बसशील. मंचासाठी सोपं नाव घ्यायचं असेल तर तुझं पहिलं नाव दोन अक्षरी आहे, तेवढंच वापर. आडनाव लाजेनं टाकू नकोस. दारं बंद होणार नाहीत असं खोटं आश्वासन मी देणार नाही. काही होतील. पण गीतकारांच्या खोलीत ओळ चांगली असली की माणसं नाव बरोबर उच्चारायला शिकतात, हे माझ्या डोळ्यांसमोर अनेकदा घडलं आहे.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. गायक-गीतकार विली नेल्सननं उमेदवारीच्या काळात एक गाणं ५० डॉलरला विकून टाकलं होतं. दुसरं तो गायक फॅरन यंगला विकायला गेला, तेव्हा त्या भल्या माणसानं गाणं विकत घेण्याऐवजी ५०० डॉलर उसने दिले. १९६१ मध्ये ते यंगच्या आवाजात पहिल्या क्रमांकावर गेलं आणि गाणं विलीचंच राहिलं. अमेरिकेत साधा एएम-एफएम रेडिओ गायकाला पैसे देत नाही, गीतकाराला आणि प्रकाशकाला देतो. म्हणून तुझी खरी पुंजी तुझं लिहिलेलं आहे. बीएमआय किंवा ॲस्कॅप या गीतकारांसाठी हे पैसे गोळा करणाऱ्या संस्थांपैकी एकीकडे नाव नोंदव. खोलीत जितकी माणसं बसली तितके समान वाटे, असा इथला रिवाज आहे, पण ते त्याच दिवशी लिहून ठेव. आणि हक्क विकत मागणाऱ्या कुठल्याही कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस.

शेवटी तुझी गाणी. पहिली दोन ठीक आहेत. ट्रक, व्हिस्की, धुळीचा रस्ता. तशी गाणी तुझ्याहून बरी लिहिणारे इथे शंभर जण आहेत, कारण ते त्या रस्त्यावर वाढले. तिसरं, रात्रपाळी संपवून सकाळी सहाला पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलेल्या नर्सचं, ते मी चार वेळा ऐकलं. त्यातल्या बाईला घरी जायचं आहे आणि किल्ली फिरवता येत नाही. हे दुसरं कुणी लिहू शकलं नसतं. दुसऱ्या अंतऱ्यात तू तिच्या मनातलं सगळं सांगून टाकतेस, तिथल्या चार ओळी काढ आणि त्या जागी तिच्या हातातलं काहीतरी दाखव.

आणि पट्टी. आपल्याकडे पेटीवाल्याला 'काळी चार' म्हटलं की तो सरकतो, तसे इथले वादक १, ४, ५ असे आकडे लिहून वाजवतात. सा, म, प वर उभे केलेले कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, समज. गायिकेनं पट्टी सांगितली की तोच कागद कुठल्याही पट्टीत चालतो. म्हणून प्रत्येक गाण्याची आपली पट्टी तुला झोपेतही सांगता आली पाहिजे. हे गाणं तू ए मध्ये, म्हणजे पांढरी सहामध्ये, म्हणते आहेस. ध्रुवपदावर आवाज ताणला जातो आणि थकलेली बाई एकदम ओरडू लागते. पांढरी पाचमध्ये घेऊन बघ, कॅपो (गिटारच्या तारांवर लावलेला पट्टी चढवणारा चिमटा) काढून जी मध्ये. ओळी बदलून, गिटारवर एकदाच सलग म्हणून, फोनवर रेकॉर्ड करून मला पाठव.